मास्तरांचं बोट

अन्न निरीक्षक सत्तावन्न वर्षांचे झाले तेव्हा जगात त्यांच्या मते दोनच जागा चिकट नव्हत्या. एक त्यांच्या घरची न्हाणी आणि दुसरं आकाश. न्हाणीत ते दिवसातून तीनदा जात. आकाशात जायचं राहिलं होतं.

एकतीस वर्षं त्यांनी लोकांची स्वयंपाकघरं तपासली. हॉटेलांची, वसतिगृहांची, इस्पितळांची. पद्धत ठरलेली होती. आत शिरायचं, कुणाशी बोलायचं नाही, खिशातून पांढरा रुमाल काढून तर्जनीला गुंडाळायचा आणि धुराड्याच्या आतल्या कडेवरून, फ्रीजच्या दाराच्या रबरी घडीतून, पीठ मळायच्या यंत्राच्या पोटाखालून एकदाच फिरवायचा. रुमाल काळा निघाला की पुढचं सगळं कागदावर. हॉटेलवाल्यांनी त्यांचं नावच ‘रुमाल’ ठेवलं होतं. ‘रुमाल निघालाय’ ही बातमी त्यांच्याआधी पुढच्या गल्लीत पोचायची, आणि ते पोचायचे तेव्हा फरशा ओल्या आणि चेहरे कोरडे असायचे.

इतकी वर्षं घाण बघून माणूस निबर होतो असं लोक समजतात. निरीक्षकांचं कातडं उलट पातळ होत गेलं. ते बाहेर पाणी पीत नसत, नोटा मोजल्यावर हात धूत, आणि कुणी आपुलकीने खांद्यावर हात ठेवला तर शर्टाचा तो भाग घरी येईपर्यंत अंगापासून लांब धरत. पण या सगळ्याहून ओंगळ अशी एक गोष्ट त्यांना रोज बघावी लागे. रुमाल काळा निघाला की मालकाची मान वळायची. मागे, कोपऱ्यात, जिथे भांडी घासणारा उभा असे तिकडे. ‘याला सांगून ठेवलं होतं, साहेब.’ आणि भांडी घासणारा खाली बघायचा. झुरळ चालेल, निरीक्षक म्हणायचे, झुरळ निदान स्वतःच्या पायांनी पळतं. संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढता ते बायकोला सांगत, “आजही वळली.” काय वळली ते तिला विचारावं लागत नसे.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. ‘आता स्पष्ट दिसतंय की आधी?’ हा प्रश्न दिवसातून शंभर वेळा विचारून तिला एक खोड लागली होती. उत्तर काय येतं यापेक्षा ते यायला किती वेळ लागतो, हे ती मोजायची. दिसत नसताना दिसतंय म्हणणारा माणूस नेमका किती थांबतो, हे तिला पाठ झालं होतं.

जायरोप्लेनचं खूळ आणलं ते तिच्या धाकट्या भावाने. मेहुण्याचा पडदे शिवण्याचा धंदा होता आणि तोंड शिलाई यंत्रासारखं चालायचं. गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर तो कुणाबरोबर तरी गेला आणि परत आला तो जमिनीवर पाय न ठेवताच.

“भाऊजी, विमान नाही आणि हेलिकॉप्टरही नाही. डोक्यावर मोठं पातं असतं, पण इंजिन ते फिरवतच नाही.”

“मग कोण फिरवतं? तू?”

“वारा. इंजिन पाठीमागून ढकलतं, समोरून वारा येतो, तो पातं फिरवतो. इंजिन बंद पडलं तरी पातं फिरत राहतं, आपण अलगद खाली. काच नाही, छप्पर नाही, दार नाही. नुसती स्वच्छ हवा.”

बाकीचं निरीक्षकांनी ऐकून सोडून दिलं. ‘स्वच्छ हवा’ तेवढं आत जाऊन बसलं. आठवडाभराने त्यांनी स्वतःहून विषय काढला, तेव्हा बायको चष्मे पुसत होती.

“अहो, दुसऱ्याच्या स्कूटरवर बसायचं तर तुम्ही आधी सीट पुसता,” ती म्हणाली. “ढगात कुठे पुसत बसणार?”

“ढगाला कुणी हात लावलेला नसतो.”

तिने चष्मा उजेडाकडे धरला. “घ्या. दोघं मिळून घ्या. पण थोडं शिकून झालं की मी एकदा त्यात बसणार. बसून आल्यावर मी सांगेन, ठेवायचं की विकायचं. आणि मग तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही.”

निरीक्षकांनी शब्द दिला. कबूल करताना त्यांना जरासुद्धा थांबावं लागलं नाही, हे तिने बघितलं.

*

विकणारा कोंबड्या पाळायचा. जायरोप्लेन शेवटच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली होतं. दार उघडताच अमोनियाचा असा लोट आला की मेहुण्याचं तोंडसुद्धा मिटलं. ताडपत्री ओढली तर वर विष्ठेचे पोपडे आणि पिसं, आणि पुढच्या सीटच्या फोमात उंदराने बाळंतपणाची सोय केलेली. विकणाऱ्याने त्याच हातांनी पाण्याचा पेला पुढे केला. पेल्यावर अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट होता की पोलिसांना उपयोगी पडला असता.

निरीक्षक दारातून परत फिरले होते. त्यांना थांबवलं ते मास्तरांनी.

धावपट्टीवरची शाळा म्हणजे मास्तर एकटेच. तरुणपणी पिकांवर औषध फवारणारी विमानं उडवायचे, आता लोकांना जायरो शिकवायचे. मेहुण्याने त्यांना यंत्र पारखायला आणलं होतं. निरीक्षकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते उकडलेलं अंडं सोलताना. टरफलं खिशात टाकत होते आणि अंड्यावर त्यांच्या बोटांचे काळे ठिपके उमटत होते. ते तसंच त्यांनी खाल्लं. मग स्टुलावर चढून त्यांनी पात्यांच्या मधोमध, जिथे दोन्ही पाती एका धातूच्या ठोकळ्याला जोडलेली असतात, तिथे बोट घातलं. नुसतं, उघडं बोट. कोपरापर्यंत हात घालून काहीतरी चाचपावं तसं सावकाश फिरवलं, बाहेर काढलं. बोट पेरापर्यंत काळं झालं होतं. त्यांनी ते अंगठ्यावर घासलं, नाकाशी नेलं, डोळे मिटून हुंगलं आणि पँटच्या मांडीला पुसलं. मांडीवर तशा पुसण्यांचा एक चकचकीत काळा पट्टा तयार झाला होता.

“घ्या,” मास्तर म्हणाले.

“एवढंच?” निरीक्षकांनी विचारलं. “कागद बघणार नाही?”

“बघितले. कागदावर सगळेच शहाणे असतात. ग्रीस काळं आहे, पण त्यात खर नाही, धातूची कचकच नाही, आणि जळका वास नाही. वरची घाण काय, कोंबड्यांची आहे.”

आयुष्यभर ज्या काळ्या बोटावर निरीक्षकांनी लोकांची दुकानं बंद केली, त्याच काळ्या बोटावर हा माणूस खरेदी करा म्हणत होता. आणि त्यांनी ती केली.

शाळा म्हणजे पत्र्याची एक उंच शेड. जमिनीवर तेलाचे डाग, कोपऱ्यात चहाच्या कपांचा ढीग, त्यातल्या एकात नट-बोल्ट भिजत घातलेले. शेडची देखभाल एक म्हातारा मिस्त्री करायचा. कधीकाळी दुसऱ्या कुठल्याशा विमानतळावर तो इंजिनात पाना विसरला होता. कुणाला काही झालं नाही, पण तो पाना त्याच्या नावाला चिकटला आणि त्याला कुठे काम मिळेना. मास्तरांनी ठेवून घेतलं. मिस्त्री फारसा बोलत नसे. बोललाच तर आधी दोन्ही हात दाखवायचा, रिकामे आहेत म्हणून.

शिकवणी सुरू झाली. निरीक्षक पुढे, मास्तर मागे, दोघांच्या हातांत एकेक दांडा. मास्तरांनी सांगितलेलं निरीक्षकांनी स्वच्छ अक्षरात वहीत उतरवलं. जमिनीवर आधी पात्याला वेग द्यायचा, तो पुरेसा झाल्याशिवाय धावायचं नाही. दांडा मागे ओढून धरायचा. आणि हवेत असताना काही झालं, कितीही घाबरलो, तरी दांडा झटकन पुढे ढकलायचा नाही. पुढे ढकलला की पात्यावरचा वाऱ्याचा भार जातो, भार गेला की पातं मंदावतं, आणि मंदावलेलं पातं वर बसून आपला तमाशा बघतं.

विमान उडवून आलेले लोक नेमकी हीच चूक करायचे. निरीक्षकांनी कधीच केली नाही. काहीही अचानक समोर आलं की अंग चोरून मागे सरायचं, हीच त्यांची सवय. हात आपोआप छातीशी येई आणि दांडाही.

“साहेब, तुमची किळस चांगली आहे,” मास्तर हेडफोनमधून म्हणाले. “लोकांना हे शिकवायला मला वीस तास लागतात.”

हेडफोनला कुणाच्या तरी कानाचा वास होता. मागून येणाऱ्या प्रत्येक वाक्याला अंड्याचा होता. निरीक्षक जबडा आवळून उडत राहिले.

आकाशाने तर त्यांना पुरतं फसवलं. हजार फुटांवर कचरा डेपोचा वास जमिनीपेक्षा जोरकस यायचा. नदी वरून बघितली की कोणत्या कारखान्याची नळी कोणत्या रंगाची, ते वेगवेगळं दिसायचं. आणि किडे. समोर काच नसल्यामुळे जे काही उडत होतं ते सगळं येऊन हेल्मेटच्या पारदर्शक पडद्यावर फुटायचं, आणि पिवळा, हिरवा, करडा रस वाऱ्याने कानाकडे ओघळत जायचा. पहिल्या उड्डाणानंतर निरीक्षकांनी हेल्मेट सात वेळा धुतलं. आकाशही चिकट निघालं होतं. राहिली फक्त न्हाणी.

तरी ते जात राहिले, कारण प्रत्येक उड्डाणात एक असा तुकडा यायचा. उतरण्याआधी मास्तर इंजिन मंद करायला लावत. मागची घरघर जवळजवळ विरून जाई, आणि डोक्यावरच्या पात्याचा सपसप आवाज तेवढा उरे. यंत्र हळूहळू खाली येई. त्या दीड-दोन मिनिटांत निरीक्षकांना कशाचीच घाण वाटत नसे. स्वतःचीही नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण बायकोने बसावं ते याच तुकड्यासाठी, असं त्यांच्या मनात पक्कं झालं होतं. ती बसली आणि तिने हे ऐकलं, तर ती ‘ठेवा’ म्हणेल. नाही बसली, किंवा नाक मुरडून उतरली, तर विकावं लागणार होतं. शब्द दिलेला होता.

*

बायकोचा दिवस रविवार ठरला. निरीक्षकांना अजून एकट्याने उडायची परवानगी नव्हती, म्हणून तिला मास्तर नेणार होते.

शनिवारी दुपारी निरीक्षक एकटेच शेडवर गेले. मास्तर शाळेच्या यंत्रातून दुसऱ्या कुणाला घेऊन वर होते, मिस्त्री शेड उघडी ठेवून जेवायला गेला होता. निरीक्षकांनी घरून बादली, चार फडकी, दोन ब्रश आणि तीन रुमाल आणले होते. कुणी पाहुणी येणार म्हटल्यावर माणूस बैठकीची खोली झाडतो, तसं ते कामाला लागले. सीट साबणाने धुतली. फटीत अजून कोंबडीची पिसं निघत होती. चाकं, पट्टे, पाय ठेवायच्या पट्ट्या, सगळं झालं. मग ते स्टुलावर चढले आणि वरचा ठोकळा त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांसमोर पाहिला.

ते बघून त्यांना कोणत्याही हॉटेलचं धुराडं आठवलं असतं. वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस, त्यावर धूळ, धुळीवर पुन्हा ग्रीस, त्यात रुतलेला एक अख्खा पतंग आणि एक पांढरं पीस. उद्या याच्याखाली बायको बसणार. यातला एक थेंब तिच्या खांद्यावर पडला की संपलं.

बादलीत त्यांच्या धंद्यातली पिवळी बाटली होती. हॉटेलच्या धुराड्यांसाठी असते ती. लिंबाच्या वासाची, सगळ्यांत जालीम. ते फवारत गेले. फेस आला, तपकिरी झाला, थेंब थेंब खाली गळला. ते पुसत गेले, पुन्हा फवारत गेले, ब्रशाने फटीफटीतून, बोल्टच्या भोकापर्यंत. पहिला रुमाल काळा झाला, दुसरा करडा. तिसरा त्यांनी तर्जनीला गुंडाळून ठोकळ्याभोवती फिरवला, तो पांढरा निघाला.

एकतीस वर्षांत त्यांनी इतकं समाधान कुठे मिळवलं नव्हतं. वर ताडपत्री घालून ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले, “उद्या हलक्या रंगाचे कपडे घातलेस तरी चालेल.”

रविवारी ती फिकट निळा कुर्ता घालून आली. मेहुणा मोबाइल उभा-आडवा करत फोटोंच्या जागा हेरत होता. मिस्त्रीने यंत्र बाहेर ओढलं. उन्हात ते नव्यासारखं दिसत होतं.

“भाऊजी, हे आपलंच ना?” मेहुणा म्हणाला. “की कोंबड्यांनी बदलून दिलं?”

बायको पुढच्या सीटवर बसली. पट्टा आवळला, हेल्मेट चढवलं. सीटवरून हात फिरवून तिने बोटं बघितली आणि नवऱ्याकडे बघून हसली. निरीक्षकांची छाती फुगली.

मास्तर आले. त्यांनी यंत्राभोवती नेहमीची फेरी मारली, चाकाला लाथ घातली, मग स्टुलावर चढून ठोकळ्यात बोट घातलं आणि नेहमीसारखं फिरवलं.

बोट बाहेर आलं ते काळं नव्हतं. त्यावर राखेसारखी करडी पूड होती.

मास्तरांनी ते अंगठ्यावर घासलं. पुन्हा घासलं. नाकाशी नेलं.

“लिंबू,” ते म्हणाले.

मास्तरांनी मान वाकडी करून ठोकळ्याच्या खाली बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, झोपेतून उठल्यासारखे ते सावकाश बोलत होते. “बोटं बुळबुळीत लागतायत. कॉस्टिक सोडा आहे हा. ॲल्युमिनियमवर सोडा मारलाय कुणीतरी. बघा, काळवंडलंय, इथे पांढरं फुटलंय. ग्रीस गेलं त्याचं एवढं नाही, ते भरता येतं. पण ज्याला दोन्ही पाती टांगलीत तोच हा ठोकळा. बोल्टच्या भोकात शिरून आतून किती खाल्लंय ते बाहेरून कळायचं नाही. उडालो असतो आपण. उतरलोही असतो बहुधा.”

ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ही बाटली लावायची नाही, पातेलं खाते ती, हे निरीक्षकांनी आजवर किती आचाऱ्यांना सांगितलं असेल त्याला हिशेब नव्हता. बाटलीवरची ती सूचना ते आचाऱ्यांना मोठ्याने वाचायला लावत. नीट वाचली नाही तर पुन्हा. काल बाटली हातात होती, सूचना डोळ्यांसमोर होती. पण काल त्यांना धातू दिसलाच नव्हता. दिसली होती ती फक्त घाण.

“मिस्त्री,” मेहुणा म्हणाला, “काय लावलंस रे याला?”

मिस्त्रीने दोन्ही हात पुढे करून दाखवले. “मी नाही.”

“मग कोण? शेडची किल्ली तुझ्याकडे. पाना झाला, आता हे.” मग त्याने निरीक्षकांकडे वळून, अगदी सहज, पडद्याची दोरी हातात द्यावी तसं म्हटलं, “भाऊजी, तुम्हीच त्याला साफ करून ठेव म्हणाला असाल ना?”

हो म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं. निरीक्षकांच्या तोंडून शब्द आला नाही. पण त्यांची मान हलली. आपोआप, जांभई यावी तशी. ती वळली आणि मिस्त्रीवर जाऊन थांबली.

मिस्त्री खाली बघू लागला.

शेडच्या पत्र्यावर कुठलासा पक्षी नखांनी खरवडत चालत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सीटवरून बायकोने हेल्मेट काढलं आणि मांडीवर ठेवलं. ती नवऱ्याकडेच बघत होती. गिऱ्हाईक खालची ओळ वाचायला अडखळलं की बघायची तसं, घाई न करता.

“मी,” निरीक्षक म्हणाले. “काल दुपारी. मी लावलं. याचा काही संबंध नाही.”

मेहुणा आयुष्यात दुसऱ्यांदा गप्प झाला. मास्तरांनी बोट पँटला पुसलं, तेही पट्टा सोडून दुसऱ्या मांडीला. “बाई, उतरा,” ते म्हणाले. “मिस्त्री, आत घे. सगळं खोलायचं.”

*

घरी जाताना गाडीने अर्धा रस्ता मागे टाकला. मग बायको म्हणाली, “आज तुमची वळली.”

निरीक्षकांनी रस्त्यावरून नजर काढली नाही.

“मी आत बसले होते,” ती म्हणाली. “पट्टा लावून. किती वेळ थांबलात तुम्ही?”

“लगेच सांगितलं की.”

“लगेच म्हणजे?”

“असतील दोन-तीन सेकंद.”

तिने खिडकीबाहेर बघितलं आणि घर येईपर्यंत तिकडेच बघत राहिली. त्या संध्याकाळी निरीक्षक न्हाणीत गेले आणि पाऊण तासाने बाहेर आले, तरी त्यांना अंगावर काहीतरी उरल्यासारखं वाटत होतं. मानेवर, डाव्या बाजूला.

नवा ठोकळा मागवला. जुना मास्तरांनी करवतीने मधोमध कापून दाखवला. बोल्टच्या भोकाच्या आतल्या भिंतीला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. मास्तरांनी तो अर्धा तुकडा चहाच्या कपांशेजारी ठेवून दिला, नव्या विद्यार्थ्यांना दाखवायला.

जोडणीच्या दिवशी निरीक्षक रबरी हातमोजे घालून आले.

“काढा,” मास्तर म्हणाले. “मोज्यातून खर लागत नाही हाताला.”

“नंतर धुतलं तर—”

“काढा साहेब.”

ग्रीसच्या डब्यात त्यांनी तर्जनी घातली. थंड, मऊ, आणि बोट बाहेर काढताना मागे ओढणारं. कुजक्या तेलकट वासाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी मिस्त्री उभा राहून कुठे किती भरायचं ते बोटानेच दाखवत होता. त्याचं बोट आणि निरीक्षकांचं बोट एकाच भोकात आळीपाळीने जात होतं. मध्ये एकदा निरीक्षक बाहेर जाऊन ओकून आले. मिस्त्रीने पाण्याचा मग पुढे केला, काठावर काळा ठसा असलेला. ते प्यायले.

“त्या दिवशी,” निरीक्षक म्हणाले, “मी तुझ्याकडे बघायला नको होतं.”

“सगळेच बघतात, साहेब,” मिस्त्री म्हणाला. “भरा. डावीकडे कमी झालंय.”

हे उत्तर निरीक्षकांना ग्रीसपेक्षा जड गेलं.

*

सहाव्या आठवड्यात बायको पुन्हा आली. या वेळी तिच्या अंगात जुना गडद कुर्ता होता. मेहुण्याने मोबाइल खिशातच ठेवला होता.

“वरचं ग्रीस कुणी भरलं?” तिने विचारलं.

“मी,” निरीक्षक म्हणाले.

तिने त्यांचा हात ओढून नखं बघितली. पाच दिवस धुऊनही कडांची काळी रेघ गेली नव्हती. तिने हात सोडला. मास्तर स्टुलावर चढले, बोट घातलं, काढलं. पेरापर्यंत काळं. हुंगलं. “चला,” म्हणाले.

यंत्र धावलं, उचललं गेलं आणि झाडांवरून लहान होत गेलं. निरीक्षक खाली उभे होते. वीस मिनिटांनी ते परत दिसलं, इंजिनाची घरघर मंदावली आणि तो सपसप आवाज खाली उतरत आला. तो जमिनीवरूनही ऐकू येतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

बायको उतरली. हेल्मेटच्या पडद्यावर किड्यांची नक्षी झाली होती, एक हिरवा ओघळ कानापर्यंत गेला होता. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. तिचे गाल वाऱ्याने लाल झाले होते.

“शेवटी आवाज बंद होतो ते,” ती म्हणाली. “ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.”

“तुला कळेल म्हटलं.”

“ठेवा हे. विकू नका.” तिने हेल्मेट काढलं. “मी येत जाईन. पण मास्तरांबरोबर. तुम्ही शिकून मोकळे झालात तरी तुमच्याबरोबर मी बसणार नाही.”

मेहुणा एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

एक अक्षर बोलायचं नाही, असा शब्द होता. निरीक्षकांनी तो जरा वेळ पाळला. मग म्हणाले, “अकरा होते.”

“काय?”

“सेकंद. तो पक्षी पत्र्यावरून चालत गेला, तेवढा वेळ. मी मोजत होतो. मोजत होतो आणि तरी गप्प होतो.”

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. दुकानात गिऱ्हाइकाने सगळ्यांत खालची ओळ बरोबर वाचली तर ती मान हलवायची, तेवढीच हलवली.

“अकराच,” ती म्हणाली.

तिने हेल्मेट त्यांच्या हातात दिलं आणि मेहुण्याबरोबर गाडीकडे चालू लागली. बसेन म्हणाली नाही, बसणार नाही असं पुन्हाही म्हणाली नाही. निरीक्षकांनी खिसे चाचपले. रुमाल घरी राहिला होता. पडद्यावरचा हिरवा ओघळ अजून ओला होता. त्यांनी तो अंगठ्याने पुसायला घेतला, तर तो निघायच्या ऐवजी पसरला, आणि त्याला खरंच फार घाण वास येत होता.